गळा गायकाचा, नाद कोणाचा?

५ जुलै २०२५ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरी, व्हिला पार्क या फुटबॉलच्या मैदानावर 'ब्लॅक सॅबाथ' या रॉक बँडचे मूळचे चारही कलावंत वीस वर्षांनंतर प्रथमच एकत्र आले. कंपवाताने जर्जर झालेला त्यांचा गायक ओझी ऑस्बोर्न याला उभे राहणे शक्य नव्हते. सिंहासनवजा खुर्चीत बसूनच तो गायला. त्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी, २२ जुलैला, त्याचे निधन झाले. तो या बँडचा आवाज होता, यात शंका नाही. परंतु आवाज आणि नाद या दोन गोष्टी एकच आहेत काय, हा प्रश्न त्या निमित्ताने पुन्हा विचारण्यासारखा आहे. रॉक बँडचे वेगळेपण त्याच्या गायकात असते की त्याच्या मागे उभ्या असलेल्या वादकांत, हा वाद रसिकांच्या बैठकीत नेहमी रंगतो. तो निव्वळ रसिकांच्या बैठकीतला राहिला असता तर त्याची दखल घेण्याचे फारसे कारण नव्हते. पण याच प्रश्नावर गेल्या तीन दशकांत इंग्लंडच्या न्यायालयांना निकाल द्यावे लागले आहेत, आणि कोणाच्या म्हातारपणाची सोय व्हायची व कोणाची नाही हे त्या निकालांवर ठरले आहे.

ब्लॅक सॅबाथचेच उदाहरण पुढे नेऊ. या बँडचा जो जड, काळवंडलेला, जमिनीलगत सरपटणारा नाद पुढे 'हेवी मेटल' नावाच्या अवघ्या संप्रदायाचा पाया ठरला, त्याचा उगम एका अपघातात आहे. गिटारवादक टोनी आयोमी हा बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वयाच्या सतराव्या वर्षी, त्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याची बोटेच गेली. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले, आणि तारा दाबताना वेदना कमी व्हाव्यात म्हणून त्या हलक्या वापरल्या. पुढे १९७१ च्या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेपासून काही गीतांसाठी त्याने गिटारच नेहमीपेक्षा तीन अर्धस्वर खाली लावली. ढिल्या तारांतून जो खोल, गढूळ स्वर निघाला तोच या बँडची मुद्रा झाला. गीतांचे शब्द बहुतांशी बेस गिटारवादक गीझर बटलर लिहीत असे. ऑस्बोर्नचा गळा पुष्कळदा गिटारने घालून दिलेल्या स्वरावलीच्या मागोमाग चाले. 'आयर्न मॅन' ऐकताना हे कोणाच्याही ध्यानात येते. शब्द एकाचे, स्वरांची वाट दुसऱ्याची, आणि त्या वाटेने जाणारा गळा तिसऱ्याचा, अशी ही वाटणी होती.

१९७९ साली ऑस्बोर्नला बँडमधून काढण्यात आले. त्याच्या जागी रॉनी जेम्स डिओ हा सर्वस्वी निराळ्या घडणीच्या गळ्याचा गायक आला. १९८० साली निघालेली 'हेवन अँड हेल' ही ध्वनिमुद्रिका लोकांनी उचलून धरली, आणि ऐकणाऱ्याला ती ब्लॅक सॅबाथचीच वाटली. तथापि येथेच एक मौजेची गोष्ट आहे. २००६ साली आयोमी, बटलर व डिओ पुन्हा एकत्र आले, तेव्हा त्यांनी 'ब्लॅक सॅबाथ' हे नाव न लावता 'हेवन अँड हेल' या नावाने कार्यक्रम केले. ऑस्बोर्नशी लोकांच्या मनात जडलेले नाव बाजूला ठेवणे त्यांना इष्ट वाटले. नाद वादकाकडे राहिला, नाव गायकाबरोबर गेले. या वादातील बहुतेक गोंधळ नाव आणि नाद यांच्यातील हा भेद न पाळल्यामुळे झालेला आहे.

नाव गायकाला का मिळते हे समजणे अवघड नाही. मनुष्याचा कान मनुष्याच्या स्वराकडे आधी वळतो. शब्द गायकाच्या तोंडी असतात. घरी परतणारा श्रोता जे गुणगुणतो ती चाल गायकाची असते, ड्रमचा ठेका नव्हे. छायाचित्रात मधोमध तोच असतो, मुलाखत त्याचीच होते. आपल्याकडील मैफलीत हा प्रश्न या स्वरूपात उद्भवत नाही, कारण तेथे मुख्य कलाकार कोण आणि साथीदार कोण हे बैठकीच्या मांडणीतच ठरलेले असते. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवाँ यांचा तबला ऐकण्यासाठी म्हणून जाणारे लोक होते, तरी नाटक बालगंधर्वांचे असे, आणि त्यात कोणाला अन्याय वाटत नसे. रॉक बँडचा दावाच मुळी वेगळा आहे. येथे साथीदार कोणी नाही, चौघे समान आहेत, असे तो सांगतो. नावही चौघांचे मिळून एक घेतो. म्हणून एकालाच सारे श्रेय गेले की तेथे तक्रारीला जागा होते.

नादाचा उगम शोधण्यासाठी वजाबाकीची कसोटी लावता येते. एक माणूस वजा करावा आणि काय उरते ते ऐकावे. दैवाने ही कसोटी अनेकदा, आणि पुष्कळदा क्रूरपणे, लावून दिली आहे. 'एसी/डीसी' या ऑस्ट्रेलियन बँडचा गायक बॉन स्कॉट १९ फेब्रुवारी १९८० रोजी लंडनमध्ये मरण पावला. त्याच वर्षीच्या जुलैत, ब्रायन जॉन्सन हा नवा गायक घेऊन, बँडने 'बॅक इन ब्लॅक' ही ध्वनिमुद्रिका काढली. जगात सर्वाधिक खपलेल्या ध्वनिमुद्रिकांत तिची गणना होते. २०१६ साली बहिरेपणाच्या भीतीने जॉन्सनला दौरा अर्धवट सोडावा लागला, तेव्हा 'गन्स अँड रोझेस'चा ॲक्सल रोझ याने उरलेले कार्यक्रम निभावले. तीन गायक झाले, पण कार्यक्रम एसी/डीसीचाच राहिला. याचे कारण अँगस यंग या मोठ्या गिटारवादकात जितके आहे त्याहून अधिक त्याचा थोरला भाऊ माल्कम याच्यात आहे. माल्कम पुढे येऊन वाजवत नसे. मागे, ड्रमच्या शेजारी उभा राहून तो लयीची गिटार वाजवी आणि केव्हा वाजवायचे नाही हेही त्याला पक्के ठाऊक होते. त्या बँडच्या संगीतातील मोकळ्या जागा माल्कमच्या आहेत. स्मृतिभ्रंशामुळे २०१४ साली तो निवृत्त झाला आणि २०१७ साली वारला. त्याच्या जागी बँडने बाहेरचा कोणी नामवंत न आणता त्यांचाच पुतण्या स्टीव्ही यंग याला घेतले. गायक बाहेरून आणता येतो, लयीचा हात मात्र घरातलाच हवा, असा या बँडचा समज असावा.

त्याच १९८० सालच्या सप्टेंबरात 'लेड झेपेलिन'चा ड्रमवादक जॉन बॉनम वारला. गायक रॉबर्ट प्लँट ऐन उमेदीत होता, जिमी पेज हा गिटारवादक होता, जॉन पॉल जोन्स होता. चौघांपैकी तिघे शाबूत असताना, आणि त्यांत सर्वांत ओळखीचा गळा असताना, डिसेंबरमध्ये त्यांनी बँड संपल्याचे जाहीर केले. हा निव्वळ मित्रप्रेमाचा भाग नव्हता. १९७१ सालच्या चौथ्या ध्वनिमुद्रिकेतील 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' हे गीत ज्याने ऐकले असेल त्याला या निर्णयाचे कारण सांगावे लागणार नाही. हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या जिन्याखालच्या दालनात ड्रम मांडले, मायक्रोफोन वरच्या मजल्यावरून टांगले, आणि त्या पोकळीत बॉनमचे आघात घुमू दिले. हार्मोनिकाचा वा गायकाचा स्वर येण्यापूर्वी, पहिल्या दोन-चार ठोक्यांतच, हा बँड कोणता ते कळते. पुढे कितीतरी लोकांनी ते ठोके जसेच्या तसे उचलून आपल्या गीतांत बसवले. १० डिसेंबर २००७ रोजी लंडनमध्ये हे तिघे एका रात्रीपुरते एकत्र वाजले, तेव्हा ड्रमवर बॉनमचा मुलगा जेसन होता.

एवढ्यावरून गायकाला निकालात काढणे मात्र घाईचे होईल. अमेरिकेतील 'डोअर्स'चा गायक जिम मॉरिसन ३ जुलै १९७१ रोजी पॅरिसमध्ये मरण पावल्यावर उरलेल्या तिघांनी दोन ध्वनिमुद्रिका काढल्या. वाद्ये तीच होती. रे मॅनझारेकचा ऑर्गन तोच होता; या बँडच्या कार्यक्रमांत बेस गिटारवादक नसे, मॅनझारेकच डाव्या हाताने बेसची बाजू वाजवून घेई, तेही तसेच होते. त्यांचे सर्वांत गाजलेले 'लाइट माय फायर' हे गीत मुख्यतः लिहिले होते रॉबी क्रीगर या गिटारवादकाने, मॉरिसनने नव्हे. तरीही त्या दोन ध्वनिमुद्रिका आज फारसे कोणी ऐकत नाही, आणि १९७३ साली बँड मोडला. मॉरिसनचा गळा हा तेथे शब्दांचे वाहन नव्हता. कधी कुजबुज, कधी पठण, कधी किंकाळी असे ते स्वतंत्र वाद्यच होते, आणि बाकीचे तिघे त्याच्याकडे पाहून आपली चाल बदलत असत. ज्याच्याकडे पाहायचे तो गेला की पाहणाऱ्यांचे वादनही तसे राहत नाही. वजाबाकीच्या कसोटीतील दोष तो हाच. ती असे धरून चालते की एक काढला तरी बाकीचे होते तसेच राहतात.

'जेनेसिस'ची कथा आणखी गुंतागुंतीची आहे. पीटर गॅब्रिएल हा चित्रविचित्र मुखवटे घालून गाणारा गायक १९७५ साली सोडून गेला, तेव्हा बँड संपला असेच पुष्कळांनी मानले. अनेक गायकांची परीक्षा घेऊन झाल्यावर शेवटी ड्रमवादक फिल कॉलिन्स यालाच पुढे आणण्यात आले. आणि १९७६ सालची ध्वनिमुद्रिका इतकी जुन्या वळणाची निघाली की गॅब्रिएलचा वाटा नेमका कोणता होता, असा प्रश्न पडावा. पुढचे वळण मात्र गायकामुळे नव्हे, तर १९७७ साली गिटारवादक स्टीव्ह हॅकेट गेल्यामुळे आले. कॉलिन्स १९९६ साली बाहेर पडला. दुसऱ्याच वर्षी रे विल्सन या गायकाला घेऊन काढलेली ध्वनिमुद्रिका ही त्या बँडची शेवटची ठरली. गायकांची अदलाबदल एकदा पचली, दुसऱ्यांदा पचली नाही. पण दुसऱ्या वेळी बँडने गायक गमावला तसाच आपला ड्रमवादकही गमावला होता, हे येथे विसरले जाते.

गायकाच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणून 'क्वीन'चे नाव घेतले जाते, आणि महाराष्ट्राला त्यात थोडे अगत्य वाटावे असे कारणही आहे. फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी फारुख बलसारा. त्याचे शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले आणि 'हेक्टिक्स' नावाच्या शाळकरी बँडमध्ये तो तेथेच पियानो वाजवू लागला. एवढा पल्लेदार आणि एवढा नाट्यपूर्ण गळा रॉक संगीतात दुसरा दाखवणे कठीण आहे. पण क्वीनच्या गीतांचे कर्ते पाहिले तर काय दिसते? 'वी विल रॉक यू' हे गिटारवादक ब्रायन मे याचे, 'अनदर वन बाइट्स द डस्ट' हे बेस गिटारवादक जॉन डीकन याचे, 'रेडिओ गागा' हे ड्रमवादक रॉजर टेलर याचे. मेची गिटारही बाजारची नाही. त्याने व त्याच्या वडिलांनी ती घरीच बनवली, तिच्या दांड्याला जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले, आणि ती तो नखीऐवजी सहा पेन्सच्या नाण्याने छेडतो. १९७५ सालच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'त जो प्रचंड समूहस्वर ऐकू येतो तो मर्क्युरी, मे आणि टेलर या तिघांनी आपलेच स्वर एकावर एक रचून उभा केला आहे, आणि त्यातील सर्वांत उंच स्वर ड्रमवादकाचा आहे. म्हणजे क्वीनचा 'आवाज' म्हणून जो ओळखला जातो तोदेखील एका गळ्याचा नाही. मर्क्युरीने १९८५ साली स्वतंत्रपणे काढलेल्या ध्वनिमुद्रिकेत गळा तोच होता. क्वीनच्या ध्वनिमुद्रिकांचे यश तिला लाभले नाही.

१९९१ साली मर्क्युरी गेल्यानंतर मे आणि टेलर यांनी जे केले त्यात मात्र प्रामाणिक निवाडा दिसतो. २००४ पासून काही वर्षे पॉल रॉजर्स आणि पुढे ॲडम लॅम्बर्ट यांना घेऊन त्यांनी दौरे केले, पण बँडचे नाव 'क्वीन' इतकेच न ठेवता 'क्वीन अधिक रॉजर्स', 'क्वीन अधिक लॅम्बर्ट' असे लावले. नवा गायक बँडमध्ये विरघळला असे त्यांनी भासवले नाही. मध्ये घातलेले ते बेरजेचे चिन्ह या विषयावरील कित्येक लेखांपेक्षा अधिक बोलके आहे.

आता पैशाची बाजू. गीताचे स्वामित्व ठरवताना कायदा परंपरेने दोनच गोष्टी पाहत आला आहे : शब्द आणि त्यांची चाल. ड्रमचा ठेका, बेसची हालचाल, गिटारचा विशिष्ट घुमारा या सर्वांची गणना वादनात, म्हणजे सादरीकरणात होते. गीत पुन्हा पुन्हा वाजते, जाहिरातीत लागते, दुसरा कोणी ते गातो, तेव्हा येणारे कर्त्याचे मानधन शब्द व चाल ज्यांच्या नावावर असते त्यांना मिळते. ज्याच्यामुळे गीत ओळखू येते त्याला त्यातील कपर्दिकही मिळेलच असे नाही. 'प्रोकोल हॅरम' या इंग्रजी बँडचे १९६७ सालचे 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' हे गीत घ्या. शब्द कीथ रीडचे, संगीत गायक गॅरी ब्रूकरचे, अशी नोंद होती. परंतु गीत सुरू होताच जी विलंबित, बाखची आठवण करून देणारी ऑर्गनची धून येते, ती मॅथ्यू फिशर या वादकाने बांधलेली होती. ती काढून टाकली तर ते गीत कोणाला ओळखू येईल? फिशर अडतीस वर्षे गप्प राहिला आणि २००५ साली त्याने दावा लावला. २००६ साली उच्च न्यायालयाने त्याला सहकर्ता ठरवून संगीतात ४० टक्के वाटा दिला. २००८ साली अपील न्यायालयाने कर्तृत्व मान्य करूनही विलंबाच्या कारणावरून पैसा नाकारला. आणि ३० जुलै २००९ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने एकमताने तो वाटा परत दिला. मागच्या अडतीस वर्षांचे मात्र काही मिळाले नाही.

त्याआधी १९९९ साली 'स्पँडॉ बॅले' या बँडच्या खटल्यात निकाल उलट लागला होता. तेथे दावा लावणाऱ्यांत खुद्द गायक टोनी हॅडली होता. त्याच्या जोडीला ड्रमवादक आणि सॅक्सोफोनवादक होते. गीते लिहिणारा गिटारवादक गॅरी केम्प याच्याविरुद्ध त्यांनी मानधनात वाटा मागितला. तालमीत चौघांपाचांनी मिळून गीताला जो आकार दिला तो कर्तृत्वात धरता येणार नाही, असे ठरवून न्यायालयाने दावा फेटाळला. ज्याचा गळा म्हणजेच तो बँड असे लाखो लोक समजत होते, तो कायद्याच्या दृष्टीने दुसऱ्याची गीते म्हणणारा एक माणूस ठरला. गायकच सर्व काही म्हणणाऱ्यांनी हा निकाल ध्यानात ठेवावा.

'स्मिथ्स'चा खटला निराळ्या जातीचा होता. गीतांचे कर्तृत्व गायक मॉरिसी आणि गिटारवादक जॉनी मार यांचेच आहे, याबद्दल वाद नव्हता. प्रश्न ध्वनिमुद्रणाच्या व कार्यक्रमांच्या मिळकतीचा होता. ड्रमवादक माइक जॉइस याला तीत दहा टक्के मिळत असत. त्याने २५ टक्के मागितले, आणि १९९६ साली न्यायालयाने ते दिले. आधार होता १८९० सालच्या भागीदारी कायद्याचा : वेगळा करार सिद्ध होत नसेल तर नफ्यात सर्व भागीदार समान. हेच तत्त्व भारताच्या १९३२ सालच्या भागीदारी कायद्यातही आहे. किराणा दुकानाला जे लागू ते बँडलाही लागू. हे निकाल शेजारी ठेवले तर विसंगती डोळ्यांत भरते. एका कायद्याच्या दृष्टीने ड्रमवादक गायकाच्या बरोबरीचा भागीदार आहे, तर दुसऱ्याच्या दृष्टीने त्याचे काम गीताच्या घडणीत जमेलाच धरायचे नाही. बॉनमच्या त्या जिन्याखालच्या आघातांना ज्या कायद्यात जागा नाही तो कागदावर लिहिता येणाऱ्या संगीतासाठी केलेला कायदा आहे, आणि रॉक संगीत हे कागदावर नव्हे तर खोलीत, चौघांच्या खटपटीतून तयार होते. कायदा बदलेपर्यंत शहाणपणाची वाट 'आर.ई.एम.' आणि 'यू टू' या बँडांनी दाखवली आहे. त्यांनी गीतांचे श्रेय बँडच्याच नावावर लावले. क्वीननेही १९८९ सालच्या ध्वनिमुद्रिकेपासून तेच केले. कोणती ओळ कोणाची यावरून होणारी भांडणे थांबली, असे त्यांनीच सांगितले आहे.

या श्रेयाच्या हिशेबात गायकाचा गळाही कधी बिनहिशेबी राहतो. 'पिंक फ्लॉइड'ची 'द डार्क साइड ऑफ द मून' ही १९७३ सालची ध्वनिमुद्रिका. तिच्यातील 'द ग्रेट गिग इन द स्काय' या रिचर्ड राइटच्या रचनेसाठी क्लेअर टोरी या गायिकेला एका दिवसापुरते बोलावले होते. तिला शब्द दिलेले नव्हते, चालही दिलेली नव्हती. पियानोच्या स्वरांवर तिने जे सुचले ते आलापांत गायले, ३० पौंड घेतले आणि ती घरी गेली. रचना एकट्या राइटच्या नावावर लागली. २००४ साली टोरीने दावा लावला, पुढच्या वर्षी न्यायालयाबाहेर तडजोड झाली, आणि तेव्हापासून निघणाऱ्या प्रतींवर संगीतकार म्हणून राइट आणि टोरी अशी दोन नावे छापली जातात.